सिस्टर म्हणजे सख्खी बहीण नव्हे

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
भाडेकरू नोंद विभाग,
चिंचमळा पोलीस ठाणे, नाशिक.

विषय : आपल्या नोंदीत मी घरमालकांची सख्खी बहीण झाले आहे, ते रद्द करून मला पुन्हा भाडेकरू करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्यातील माझी नोंद, दि. १५ सप्टेंबर २०२५.
२) त्यानंतर मी घातलेल्या चकरा (यांना आवक क्रमांक मिळालेला नाही).

महोदय,

१) मी, मोहिनी वसंतराव शेळके, वय ४८, मूळ राहणार परभणी, व्यवसाय परिचारिका. मुलीचे लग्न झाल्यावर घरात करमेना, म्हणून मी यंदापासून फिरती नोकरी धरली. ज्या शहरात परिचारिका कमी पडतात तिथे एजन्सी आम्हाला तीन महिन्यांच्या करारावर पाठवते. नाशिक हे माझे पहिलेच शहर. दोन बॅगा आणि एक कुकर एवढाच संसार घेऊन मी आले. नातेवाईक आणले नव्हते.

२) सातपूरला कारखान्यात पाळीवर जाणारे श्री. किशोर बहिरू बोरगुडे यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली. नोंदीला ते स्वतः सोबत आले. टेबलावरच्या हवालदार साहेबांनी माझ्याकडे पेन करून विचारले, "या कोण?" किशोरभाऊ म्हणाले, "या सिस्टर आहेत." इथपर्यंत कोणाचीच चूक नाही. हवालदार साहेब म्हणाले, "नोंद मराठीतच पाहिजे," आणि त्यांनी 'बहीण' लिहिले. मग संगणकाने सख्खी की चुलत असे विचारले. एकाच घरात राहतात म्हटल्यावर त्यांनी सख्खी दाबले. मी तेव्हा चष्मा शोधत होते.

३) पत्त्याचा पुरावा म्हणून मी दिलेली ही नोंद वाचून रुग्णालयाच्या ऑफिसने मला बोलावले. आमचा करार फक्त बाहेरगावच्या परिचारिकांसाठी असतो. "गावात सख्खा भाऊ असताना तुम्ही बाहेरच्या कशा?" असे त्यांनी विचारले. ३१ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त नोंद आणली नाही तर करार रद्द होईल आणि मला परभणीला परत जावे लागेल. माझा सगळा घोर एवढाच आहे, साहेब. या वयात घराबाहेर पडायला मला फार धीर गोळा करावा लागला. पुन्हा तेवढा गोळा होईल असे वाटत नाही.

४) मी वॉर्डात काम करते, आधी परभणीत आणि आता इथे. तिथे आजोबांपासून त्यांच्या नातवापर्यंत सगळेच मला सिस्टर म्हणतात. आपल्या ठाण्याच्या हिशोबाने परभणी जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत माझा वारसा निघेल.

५) दुरुस्तीसाठी मी किशोरभाऊंनाच घेऊन आले. त्यांनी हवालदार साहेबांना स्पष्ट सांगितले की ही माझी बहीण नाही. साहेबांनी पेन खाली ठेवले, माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाले, "भाऊच असं म्हणायला लागला म्हणजे जमिनीचंच असणार." आम्हाला समुपदेशनाला पाठवले. तिथल्या मॅडमनी चहा पाजून किशोरभाऊंना पाऊण तास बहिणीच्या मायेबद्दल समजावले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना भाऊ म्हणते, हेही त्या मॅडमनी माझ्याविरुद्ध लिहून घेतले.

६) ही बातमी लासलगावकडे किशोरभाऊंच्या घरच्या मळ्यावर पोचली. तिथून त्यांचे चुलते श्री. कोंडाजी बोरगुडे हक्कसोड पत्र घेऊनच आले. "बाई, तू खरी हाय का खोटी, मला काय करायचं नाय. सही कर, लुगडं घेऊन जा, विषय संपला." माझी अडचण अशी की सही केली तर मी बहीण होते हे सिद्ध होते, आणि नाही केली तर मी हावरट ठरते. जी जमीन मी पाहिलेली नाही तिच्यावरचा हक्क कसा सोडतात, याचे मार्गदर्शन आपल्या ठाण्यात मिळाले नाही.

७) त्याच वेळी किशोरभाऊंची खरी बहीण उज्वलाताई ओझरहून स्कूटीवर आल्या. मला वाटले आता भांडण होणार. त्यांनी मला खालून वर पाहिले, कोंडाजीकाकांच्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, "मी केली होती सही. कोणी मला बस म्हणूनही विचारलं नाही. तू करू नको गं." काका म्हणाले, "अगं पण ती आपली कोणीच नाय!" त्या म्हणाल्या, "सही केल्यावर मी तरी कोण राहिले?" यावर काका चहा न घेता गेले.

८) किशोरभाऊंच्या आई सिंधुबाई यांना कमी ऐकू येते. त्यांना एवढेच समजले की पोलिसांनी त्यांना आणखी एक मुलगी दिली. त्या दिवसापासून माझ्या दारात झाकलेले ताट येते. मी त्यांचा बीपी बघते तेव्हा त्या दुसऱ्या हाताने माझी वेणी तपासतात आणि तेल कमी आहे म्हणतात. माझ्या स्वतःच्या आईला जाऊन बरीच वर्षे झाली. हा मुद्दा अर्जाशी संबंधित नाही, पण लिहून झाला आहे आणि खाडाखोड केली तर आपण अर्ज परत कराल.

९) ठाण्याबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने 'विषय : कौटुंबिक वाद' असे आधीच टाइप करून ठेवले होते, म्हणून हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

तरी विनंती की 'सख्खी बहीण' काढून 'भाडेकरू' असे लिहावे. 'सिस्टर' हा शब्द मराठीत करायचाच असेल तर 'परिचारिका' करावा.

तारखेबाबत एक विनंती जादा आहे. २३ तारखेला भाऊबीज आहे. किशोरभाऊंनी पाळी बदलून घेतली आहे, उज्वलाताईंनी "ओवाळायला दोघी, ताट एक" असे ठरवले आहे, आणि सिंधुबाईंनी माझ्यासाठी ब्लाउजचे माप मागितले, ते मी दिले आहे. तेव्हा दुरुस्ती ३१ च्या आत अवश्य करावी, मात्र २४ च्या आधी करू नये.

आपल्या दुरुस्तीवर पोट असलेली,

(सही)
मोहिनी वसंतराव शेळके
नाशिक, दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) परिचारिका नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
२) किशोर बोरगुडे यांचा मी बहीण नसल्याचा जबाब. (समुपदेशनानंतर त्यांनी खाली 'पण असती तरी चाललं असतं' असे पेनने लिहिले आहे. ते विचारात घेऊ नये.)
३) हक्कसोड पत्र : जोडता आले नाही. ते उज्वलाताईंकडे आहे आणि त्या देत नाहीत.