बाराव्या मिनिटानंतर

३ फेब्रुवारी
गोंदियाच्या रुग्णालयात एमआरआय तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. यंत्र नवं, खोली थंड. आया सुशिलाबाईंनी पहिल्याच दिवशी स्वतःचं स्वेटर दिलं. नवेगाव बांधहून बाबांचा फोन आला. पोरगी आता मोठ्या मशीनवर बसते, हे त्यांचं अख्ख्या ढिवर मोहल्ल्यात, सगळ्या मासेमारांना सांगून झालंय.

काम मला आवडतं. शिरेतून औषध सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग हृदयाची चित्रं घ्यायची. वेळ नेमकी साधली तर जिवंत स्नायू काळा दिसतो, मेलेला पांढरा.

संगणकाच्या पडद्याखाली आधीच्या तंत्रज्ञाची, ओमेशची, चिठ्ठी चिकटवलेली आहे : बारा मिनिटांनंतर पाहू नये. पुस्तकात वीसपर्यंत चालतं. मी ती काढून टाकली.

१० फेब्रुवारी
चिचगडचे झामसिंग, जंगलात मजुरी करतात. दहाव्या मिनिटाला पांढरा ठिपका, तिळाएवढा. सोळाव्याला पुन्हा पाहिलं तर सगळं हृदय पांढरं. ते उठून बसले, हसत विडी मागू लागले. चित्रं तपासणारे नागपूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, वेळ चुकली, ते चित्र पुसून टाका.

२० फेब्रुवारी
आज यंत्रात बाबा. स्नायू जिवंत असेल तरच शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, तलावात जाळं टाकण्यात माही उमर गेली, आता पोरगी माह्याच काळजात जाळं टाकून राहिली.

दहाव्या मिनिटाला काळं, जवळजवळ सगळं. खात्रीसाठी पाहत राहिले. तेराव्यालाही काळं. चौदाव्याला पांढरं.

माझीच वेळ चुकली असणार. दहाव्याचं चित्र पाठवलं. सात मार्चला शस्त्रक्रिया ठरली. सुशिलाबाईंना पेढे दिले. त्यांनी विचारलं, किती मिनिटं पाह्यलं? सांगितलं. पेढा त्यांनी पदराला बांधला, खाल्ला नाही.

२८ फेब्रुवारी
झामसिंगची बायको फुलवंता रिपोर्ट न्यायला आली. ते परवा गेले. विडी पेटवता पेटवता.
दहा तारखेपासून सोळावा दिवस.

१ मार्च
ओमेशला फोन केला. त्याने फक्त विचारलं, कितव्या मिनिटाला? चौदाव्या. मग चौदाव्या दिवशी घरीच राहा, म्हणाला.
वीस अधिक चौदा. सहा मार्च. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी.

२ मार्च
नागपूरला तारीख अलीकडे मागितली. जागा नाही. घाई काऊन, बाबांनी विचारलं. काय सांगू —

४ मार्च
बाबांना पुन्हा यंत्रात घेतलं. आता दहाव्यालाच पांढरं. त्याआधीची चित्रं उलटत गेले. आठव्याला. पाचव्याला.
डॉक्टरांना पाठवलं नाही.
तिसऱ्याला पांढरं. दुसऱ्याला —

६ मार्च
घरी. बाबा सकाळपासून बरे. मरळ आणली, साफ केली. उद्याची पिशवी भरून दाराशी.

दुपारी जाळं दुरुस्त करायला बसले. म्हणाले, लिहून काय राहिली, टोक धर वो.

धरलंय. डाव्या हातात. माझी पाठ त्यांच्याकडे. मी पाहणार नाही, पाहिल्यानेच —

दोरी ताणलेली आहे. ते गाठ मारताहेत, हिसका कळतो.
एक गाठ. अजून एक.
ताणलेली आहे.
अजून