तळघरात उतरायचं असेल तर

५ जानेवारी
ठरलं. पुस्तक लिहिणार. साधंसुधं नाही, वाटा फुटणारं. प्रत्येक प्रसंगाखाली दोन-तीन पर्याय द्यायचे, वाचकाने निवडायचं आणि त्या नंबरवर जायचं. प्रकाशक बाई सध्या माझ्याकडे गाडी शिकतात. आज क्लच सोडता सोडता म्हणाल्या की मुलांसाठी अशी मालिका काढतोय, एका पुस्तकाची जागा रिकामी आहे, फेब्रुवारीअखेर हस्तलिखित पाहिजे. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपण शेजारी बसायचं, आयुष्यभर दुसरं केलंय काय मी! घरी जाहीर केलं. मेहुणा आलेला होता, तो हसला. हसू दे. लेखक होऊन दाखवतो.

८ जानेवारी
गोष्ट सुचली. टेकडीवरचं बंद घर. तळघरातून उजेड येतोय. तुम्ही दाराशी उभे आहात. तळघरात उतरायचं असेल तर ४० वर जा. खिडकीतून डोकावायचं असेल तर १२ वर जा. घरी परतायचं असेल तर ३ वर जा. ४० ही मुख्य वाट. ती डोक्यात तयार आहे, फक्त उतरवून काढायची.
चार्टपेपर आणले, स्केचपेनं आणली. हिरवं मुख्य वाटेला, लाल मरणाला. हॉलच्या भिंतीवर नकाशा चिकटवला. बायको म्हणाली, मग कॅलेंडर कुठे लावू? मी म्हणालो, कलेला जागा लागते. कॅलेंडर फ्रिजवर गेलं.

१३ जानेवारी
बायकोला पहिली पानं दिली. सरळ ३ वर गेली. म्हणाली, अनोळखी घर, अंधार पडत आलेला, आणि तुम्ही म्हणजे मीच ना? मग मी कशाला उतरू मरायला? ३ वर ती सुखरूप घरी पोचली, कागद खाली ठेवले आणि भाजी निवडायला बसली. माझं अख्खं पुस्तक तिने चहा निवायच्या आत संपवलं. वर म्हणाली, शेवट छान केलाय हो.

१४ जानेवारी
३ बदललं. आता घरी परतणाऱ्याचं घर जळून खाक झालेलं असतं. बघू कुठे जाते ते.

१५ जानेवारी
माहेरी गेली. म्हणजे गोष्टीत. म्हणाली, घर जळाल्यावर बाई भावाकडेच जाणार, तसा पर्याय नाही म्हणजे तुमचंच चुकलंय. पर्याय दिला, ४१. माहेरच्या वाटेवरचा पूल कोसळतो. ती म्हणाली, फोन करून भावाला अलीकडे बोलवेन. ४२: नेटवर्क नाही.
मी हटणार नाही. ४० नंतर लिहू. आधी या पळपुट्या लोकांचा बंदोबस्त केला पाहिजे.

२२ जानेवारी
मेहुण्याने वाचलं. हा विमा कंपनीत नुकसान तपासतो, त्यामुळे कशावरच विश्वास नाही. खिडकीतून डोकावला, काच पडून मेला. पण आधीच्या पानात बोट ठेवलेलं! मेला की मागे, मेला की मागे. एका वेळी पाच पानांत पाच बोटं. मी हरकत घेतली तर म्हणाला, दाजी, अशी पुस्तकं सगळे अशीच वाचतात. सगळे वाचत असतील, माझं नाही वाचायचं. प्रत्येक मरणाखाली एक ओळ टाकली: बोट काढा. मी बघतोय.
तो म्हणाला, या पुस्तकात हा चिडका माणूस कोण आहे?

२९ जानेवारी
वाचक तरुण हवेत. म्हणून सिग्नलला थांबलो असताना गाडी शिकायला येणाऱ्या तरुण दंतवैद्याला विचारलं की समोर दोन दारं आहेत, डावं की उजवं? त्याने डावीकडे गाडी घातली. फर्निचरच्या दुकानाच्या पायरीवर पुढचं चाक चढलं, मग मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. दुकानदार बराच वेळ बोलत होता. चूक दंतवैद्याचीच, इंडिकेटर दिला नव्हता. तरी वाचकाला निवड किती ओढून नेते याचा पुरावा मिळाला.

४ फेब्रुवारी
आईला पर्यायबिर्याय काही कळलं नाही. तिने होतं तेवढं पहिल्या पानापासून ओळीने वाचून काढलं. म्हणाली, बिचारा काचेने मेला, मग पुलावरून पडला, मग विहिरीत, आणि तरी पुढच्या पानावर पुन्हा दाराशी उभा, किती चिकाटीचा मुलगा! तिला आवडलं. पण तिला आवडलं ते माझं पुस्तक नव्हे. नियमांचं नवं पान घातलं: ओळीने वाचणाऱ्यास भोवळ येते.

११ फेब्रुवारी
नकाशा भिंतीवरून दारावर गेला, दारावरून बाथरूमच्या पॅसेजमध्ये. तीन लाल पेनं संपली. दहावीतली लेक बराच वेळ बघत उभी होती. म्हणाली, बाबा, हिरवं पेन अजून नवंकोरं कसं? मी म्हणालो, मी वस्तू जपून वापरतो.

१९ फेब्रुवारी
लेकीने विचारलं की तळघरात आहे तरी काय. मी म्हणालो, तिथपर्यंत ये, मग कळेल. ती म्हणाली, पण तुम्ही कुणाला पोचूच देत नाही. दहावीचा अभ्यास कर म्हणालो. लोकांना निवडायचा हक्क दिला की लोक चुकीचंच निवडतात, यात लेखकाचा काय दोष? आजही सात जणांना मारलं.

२७ फेब्रुवारी
४० आज लिहायला बसणार होतो. पण मेहुण्याने पळवाट शोधली: तो दारावरची घंटा वाजवून नुसता उभा राहतो. पूर्ण दिवस त्याच्यावर वीज पाडण्यात गेला. हरकत नाही. खिडकीवाले, पळपुटे, बोटं ठेवणारे, सगळ्यांची सोय झालीय. पुस्तक भक्कम आहे.

२८ फेब्रुवारी, सकाळ
गठ्ठा बांधला. इस्त्रीचा शर्ट. मेहुण्याला आजच फोन करून सांगणार, छापून येतंय म्हणून.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रकाशक बाईंनी टेबल मोकळं केलं आणि समोरच वाचायला घेतलं. पहिला प्रसंग शांतपणे वाचला. डोळे चमकले. म्हणाल्या, मी तळघरात उतरणार. आजवर एकानेही हे म्हटलं नव्हतं. खिडकीकडे बघितलं नाही, घराचा विचार केला नाही, कुठल्या पानात बोट ठेवलं नाही. ४० चा कागद काढला.
त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: मुख्य वाट. जोरदार लिहिणे.
बाईंना वाटलं कागद चुकून आला. गठ्ठा त्यांनी स्वतः दोनदा चाळला, मलाही चाळायला लावला. मी घाईघाईने पुलाबद्दल सांगितलं, विजेबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, पण मी तिकडे गेलेच नाही ना. मग विचारलं की बरं, तोंडी सांगा, खाली काय आहे? आणि वही-पेन बाजूला ठेवून, हनुवटीखाली हात घेऊन ऐकायला बसल्या. मी तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच होतं.
मालिकेतली जागा उद्या दुसऱ्या कुणाला देतील. वाईट वाटलं म्हणाल्या. उगाच म्हणाल्या नसाव्यात.
घरी येऊन कोरा कागद घेतला. ४०. तुम्ही पायऱ्या उतरता. एवढंच लिहून झालंय. बायकोला विचारलं, खाली काय असेल गं? ती म्हणाली, मला काय माहीत, मी गेलेच नाही. मलाही माहीत नाही. डोक्यात तयार आहे, तयार आहे म्हणत होतो, तिथे कधीच काही नव्हतं. बाकीच्यांशी भांडण पुन्हा करीन, त्याचं काही नाही. पण त्या बाईंना खरोखर खाली उतरायचं होतं.