पालीच्या पायांचा अभ्यास

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधाची नोंद असलेली बरी, मागाहून लोक विचारतात.

बाबा बाथरूममध्ये पडले त्याला नऊ दिवस झाले. हाड मोडलं नाही, पण धसका घेतलाय. अंघोळ बंद. ओल्या पंच्याने अंग पुसून घेतात. पायाखालची मॅट आमच्याच कंपनीची, डिझाइन माझं. पण बाबा स्वतः म्हणाले, चक्कर आली. म्हणजे मॅटचा संबंध नाही.

तरी कधीही न घसरणारी मॅट करणार. तेरा तारखेला साहेबांसमोर डेमो. जुन्या मॅट दुकानांतून परत येताहेत, त्यामुळे साहेब चिडचिडे झालेत.

निसर्गाने सगळे प्रश्न आधीच सोडवलेत. आपण फक्त बघायचं. काय बघायचं ते उद्या ठरवतो.

४ मार्च
ठरलं! ट्यूबलाइटमागची पाल. तासभर छताला उलटी. पायाला बारीक केस असतात म्हणे, त्यांनी धरते. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, भिंतीला धरायला एक दांडा बसव, झालं. फिजिओथेरपिस्ट आहे, रोज पडलेली माणसं उभी करते, पण दृष्टी नाही. दांडा काय, कुणीही बसवेल.

८ मार्च
घरातले सगळे टूथब्रश कापून केस रबरावर चिकटवले. चार हजार दोनशे. लेकीने बोटाने दात घासले, बोलत नाही. कोरड्या फरशीवर मॅट अशी बसली की उचलताना फरशी निघेलसं वाटलं. जिंकलो! बाबांना म्हटलं, गुरुवारनंतर राजासारखी अंघोळ. ते हो म्हणाले. मला ते नेहमीच हो म्हणतात.

१० मार्च, संध्याकाळ
ओल्या फरशीवर घसरते. साबण पडला तर धावते.

खात्रीसाठी भिंतीवर मगभर पाणी मारलं. पाल थेट बादलीत. म्हातारी असावी. बायकोने विचारलं, ओल्यात पालच टिकत नाही तर तुझी मॅट कशी टिकणार? म्हटलं, शास्त्र असं घाईने चालत नाही. तीन दिवस राहिलेत.

११ मार्च
बाबांना डॉक्टरकडे नेलं. चक्कर कशाने आली ते एकदा कळू दे. बीपी, कान, शुगर, सगळं ठणठणीत. डॉक्टरने विचारलं, चक्कर खरंच आली होती का? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मनात शंकेची पाल चुकचुकली. हाकलली. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी.

१२ मार्च
गोगलगाय? चिकटते, पण बाबांना मोरीत पोचायला दोन दिवस लागतील. बेडूक सापडला नाही. देवा, एक प्राणी दे रे.

निर्णय: डेमो कोरड्या फरशीवर. पाण्याचा विषय निघाला तर बोलत राहायचं.

१३ मार्च
पहिली दहा मिनिटं उत्तम. साहेब मॅटवर उभे राहिले, खूश झाले. मग त्यांनी बादलीभर पाणी मागवलं. मी बोलत राहिलो. पाणी आलंच.

साहेब बसले. एकदम बसले. बसल्याबसल्याच म्हणाले, उद्यापासून घरी आराम करा. किती दिवस, असं विचारलं. कायमचा, म्हणाले.

घरी सांगितलं नाही. वेळ बघून सांगू.

१६ मार्च, रविवार
बाबांना अंघोळ घातली. मॅट बाहेर फेकली. त्यांना स्टुलावर बसवलं, एका हाताने दंड धरला, दुसऱ्याने पाणी ओतलं. आधी थरथरत होते. तिसऱ्या तांब्याला थांबले.

विचारलं, त्या दिवशी चक्कर नव्हती ना? म्हणाले, नव्हती रे, मॅट सरकली. पण तू किती खपून केली होतीस ती. खरं तर हे मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वडिलांना मीच पाडलं. रडू आलं, थांबेना. त्यांच्या तोंडाला साबण होता, दिसलं नसेल.

जरा वेळाने म्हणाले, हे बरं जमलंय, कुठल्या प्राण्याचं बघून केलंस? मी आणखी एक तांब्या ओतला. पाठ नीट चोळ म्हणाले. मग म्हणाले, रोज कसं जमेल, तुला ऑफिस असतं.

जमेल म्हटलं. कसं ते सांगितलं नाही.