एका कानाचा हेडसेट

५ जुलै, बुधवार

पुन्हा हसला! कशाला, ते मला कळायची सोयच नाही. हेडसेटची वायर कंट्रोलरला खोचली की टीव्ही मुका होतो. मी इकडे हीटरवर मोजे वाळवत बसलेली आणि सेमिसी पडद्यावर ट्रॅक्टर चालवत कुणाशी तरी खिदळतोय. दिवसभर दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या या मिल्ड्युरात संत्री तोडायची आणि संध्याकाळी कॅरव्हॅनमध्ये येऊन याने परत शेतीच खेळायची! म्हटलं, "पोट भरलं नाही का रे?"

एक कान वर करून म्हणाला, "काय?"

"काही नाही."

आणि सगळं माझंच. गेम माझा, खातं माझ्या नावाचं, हेडसेट माझा. नवराही माझाच म्हणायचा, लग्न नाही झालं म्हणून काय झालं.

७ जुलै, शुक्रवार

दव सुकल्याशिवाय फळाला हात लावू देत नाहीत. सकाळ फुकट. हेडसेट हातात घेऊन बसले. उजवा कान मेलेला. वायरला मधेच काळी चिकटपट्टी – तिथे आईने कात्री चालवली होती. सेडुना गावातल्या आमच्या घरात. हाका मारमारून मी जेवायला उठले नाही म्हणून. कचकन! दुसऱ्या दिवशी मी बॅग उचलली. वर्ष उलटलं. नंबरही बदलला. वायर तेवढी जोडली.

काय लिहीत होते? हां, सेमिसी. काल हेडसेटमध्ये म्हणत होता, "आणखी आत ढकलायची. खटकन वाजलं? वा, शाब्बास!" मला शिडी लावायला शिकवताना इतक्या गोडीने बोलला नव्हता.

८ जुलै, शनिवार

विचारलं, "कोण असतं रे रोज?"

"आहे एक बाई."

एक बाई!! झोप कशी लागणार आता?

१२ जुलै, बुधवार

गॅसची टाकी आणायला गेले तर कॅरव्हॅन पार्कची मालकीण व्हॅल म्हणते, "वायरवाला हेडसेट बरा गं पोरी. गडी दाव्याला बांधल्यासारखा राहतो." आणि स्वतःच हसली.

तिला काय माहीत! वायर टीव्हीला नसते, कंट्रोलरला असते, आणि कंट्रोलर त्याच्या हातात. दावं हातात घेऊनच फिरतोय बैल. हल्ली तर पायरीवर जाऊन बोलतो. आत ट्रॅक्टर एकटाच कुंपणाला धडका मारत असतो.

छपरावर काकाकुवे भांडतायत. बरं आहे त्यांचं, जे काय ते सगळ्यांना ऐकू येतं.

१३ जुलै, गुरुवार

संत्री संपली की दोघांनी ब्रूमला जायचं ठरलंय. मोत्यांच्या बोटींवर काम मिळतं म्हणे. आज विचारलं, "जायचंय ना?"

"बघू. आधी एक दुसरं काम आहे."

बघू! आजवर कधी 'बघू' म्हणाला नव्हता. मी बॅग भरून ठेवली. मला एकटीला जाता येतं. सरावच आहे.

१६ जुलै, रविवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

रविवारी सेमिसी चर्चला जातो. त्या दिवशी काम नाही, खेळ नाही. टोंगाहून आलेल्या त्याच्या आजीचा नियम. मलासुद्धा बटणाला शिवू देत नाही. आणि आज चर्चहून आला, चर्चसाठी टोंगन लोक कमरेला गुंडाळतात ती चटईसुद्धा सोडली नाही, सरळ हेडसेट चढवला!

"खेळत नाहीये. नुसतं बोलतोय."

मी खारवलेल्या मांसाचा डबा उघडत होते. तो पाठमोरा. हळूच म्हणाला, "आता टेगनला सांगून टाकू या. लपवाछपवी मला नाही जमत."

टेगन म्हणजे मी.

डबा ठेवला. वायर धरली आणि उपटली. कंट्रोलर हिसकावून घेतला आणि सुटलेच – कोण ती सटवी? तिलाच ने ब्रूमला! मी जोडलेल्या वायरवर संसार थाटताय? सोडायचं असेल तर तोंडावर सांग, मला काय, मी आईशिवायसुद्धा राहते, रोज आठवते तरी राहते!

सेमिसी माझ्याकडे बघतच नव्हता. कंट्रोलरकडे बघत होता. म्हणाला, "टेगन... तिकडे ऐकू जातंय."

तेव्हा आठवलं. वायर काढली म्हणून बोलणं तुटत नाही. कंट्रोलरलाच एक बारीकसा माईक असतो, एक बारीकसा स्पीकर. सगळं पलीकडे गेलं होतं.

माझ्या मुठीतून कुणीतरी नाक ओढलं. मग म्हणालं, "सटवी नाही गं. आई."

१७ जुलै, सोमवार

आई दिवसभर शेडमध्ये कालवं फोडायची, मग कुणाकडून तरी घेतलेल्या जुन्या गेमच्या मशीनवर माझं नाव शोधायची. माझ्या खात्यावर सापडला सेमिसी. त्याला म्हणाली, "माझा आवाज ऐकला की ती पळेल. आधी मला खेळायला शिकव."

आज हेडसेट माझ्या कानावर. आईने आधी विचारलं, "जेवलीस?" आणि लगेच ट्रॅक्टर तळ्यात घातला.

सेमिसी पायरीवरून डोकावला. "एवढं काय हसताय?"

मी एक कान वर केला. "काय?"

"काही नाही."

जळतोय!