शनिवारी पिझ्झा, सोमवारी मतदान

सोमवार, ८ जानेवारी. संध्याकाळचे ६.४०.
स्वयंपाकघरात उभा राहून मैदा तोलतोय. एक गोळा अडीचशे ग्रॅमचा. असे चौदा. शनिवारसाठी आजपासून सराव!

त्याचं असं झालं. पुढच्या सोमवारी अग्निशमन दलाच्या बैठकीत माझ्या अर्जावर मतदान आहे. दलातली माणसं गावातलीच, बिनपगारी. पण नवा माणूस घ्यायचा तर सगळ्यांचे हात वर व्हावे लागतात. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून अर्ज तीनदा उतरवून काढला. एकही खाडाखोड नाही. दलाच्या प्रमुख नोलीन म्हणाल्या, "अक्षर मोत्यासारखं आहे रे, रूबेन. पण गावात तुला ओळखतं कोण?"

चौदा महिने राहतोय इथे! तोंडातून निघून गेलं — शनिवारी दुपारी सगळे माझ्याकडे या. पिझ्झा. ज्याचा त्याने बनवायचा. बिअरचा क्रेटही आणतो.

"क्रेट नको," त्या म्हणाल्या. "क्रेट दलातल्यांनीच द्यायचा. ज्याने घोळ घातला, त्याने. बाहेरच्याकडून आम्ही घेत नाही." म्हाताऱ्या क्लॅरीने पाण्याची गाडी चिखलात रुतवली, त्याचा क्रेट अजून फ्रीजमध्ये आहे म्हणे.

बाहेरचा. हा शब्द घरापर्यंत सोबत आला.

येणार तेरा जण. ताटल्या चार.

बुधवार, १०.
ताटल्या कुंपणापलीकडच्या पडनीबाईंनी दिल्या. वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या — ऑलिव्ह, हॅम, कोळंबी, अननस. अननस ठेवावा की नाही? पडनीबाई म्हणाल्या, "ठेव. भांडायला काहीतरी हवंच ना माणसांना."

शुक्रवार, १२.
संध्याकाळी परसातली भट्टी पेटवली. हिवाळाभर खपून मीच बांधलेली. विटा रात्रभर तापल्या की उद्या पिझ्झा दोन मिनिटांत! आता झोप लागेल तर शपथ.

शनिवार, १३. पहाटे ५.३०.
रेडिओ लावला. मध्यरात्रीपासून संपूर्ण आगबंदी! इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. एक्केचाळीस अंश, वर वारा. उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही. काल दुपारीच जाहीर झालं होतं — मी तेव्हा चिठ्ठ्या सरळ करत बसलो होतो.

परसात धावलो. निखारे लालभडक! पाणी ओतलं. राख पत्र्याच्या डब्यात भरली, झाकण लावलं. कोणी पाहिलं नाही.

सकाळी ७.३०.
नोलीन यांचा फोन. आगबंदीच्या दिवशी सगळ्यांनी दलाच्या शेडमध्ये पाण्याच्या गाडीजवळ थांबायचं असतं. "तुझ्याकडे येता येणार नाही, पोरा." मग, "पण शेडमध्ये विजेचा ओव्हन आहे."

निखाऱ्यांचं सांगायला तोंड उघडलं. निघालं काय? "गोळे किती वाजता आणू?"

संध्याकाळी ७.
शेडच्या ओव्हनचं दार दोरीने बांधावं लागतं. एका वेळी एकच पिझ्झा, अकरा मिनिटं. बरंच झालं! नुसतं उभं राहून बोलण्यावाचून कुणाला इलाज नव्हता.

"हा अननस कोणी आणला? काढा बाहेर!" क्लॅरी ओरडला.

"अननसाला की रूबेनला?" मागून कोणीतरी विचारलं.

सगळे हसले. मीही!

सहावा पिझ्झा आत होता तेव्हा वर्दी आली. घराच्या परसात धूर. नोलीन यांनी पत्ता मोठ्याने वाचला. सत्तावीस, वॉटल स्ट्रीट.

माझं घर.

ते गाडीत, मी मागून माझ्या गाडीने. राखेच्या डब्याचं झाकण वाऱ्याने पडलेलं, शेजारी ताटलीएवढं गवत काळं. पडनीबाई पाण्याची नळी धरून उभ्या. "फोन मीच केला रे. तू मला आवडतोस. पण माझं घर जास्त आवडतं."

नोलीन यांनी वही काढली. "भट्टी कधी विझवलीस?"

'रात्री अकराला' असं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? म्हणालो, "पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे बंदी लागल्यावर पाच तासांनी?"

"पाच तास दहा मिनिटं."

क्लॅरीला एकदम खोकला आला. नोलीन यांनी लिहून घेतलं. शेडमध्ये परतून उरलेले पिझ्झे भाजले. खाल्ले मात्र सगळ्यांनी. अननसाचाही संपला — क्लॅरीने!

रविवार, १४.
ताटल्या परत केल्या. एकीचा टवका उडालाय. तेही सांगून टाकलं.

सोमवार, १५. संध्याकाळचे ८.१०.
शेडबाहेर बाकावर बसून होतो. आत हात वर झाले की नाही, दिसत नव्हतं. नोलीन बाहेर आल्या. चेहरा तसाच. म्हणाल्या,

"क्रेट कुठाय?"

खर्च: मैदा ९ डॉलर, चीज ३८, हॅम आणि कोळंबी ४४.५०, अननस ३. एकूण ९४.५०.
देणं: बिअरचा एक क्रेट!