दाजींच्या गाडीचा तक्ता

१० फेब्रुवारी २०१९, रविवार

दाजींची गाडी आज आपल्या अंगणात आली. दाजी जाऊन दहा महिने होत आले. ते होते तोवर गाडी गुलमंडीत दुकानासमोर उभी असायची. आता दुकानही दुसऱ्याकडे गेलं आणि अक्काच्या बोळात सायकल लावायची मारामार. अक्का म्हणाली, तात्या, तुह्या अंगणात राहू दे, फकस्त बंद पडू देऊ नको, यांचा लई जीव होता हिच्यावर.

थोरल्या बहिणीला शब्द दिला. दर रविवारी मेंटेनन्स, घरच्या घरी, स्वतःच्या हातानं. त्यात अवघड काही नाही. माणूस शिस्तीचा पाहिजे. गाडीसोबतचं पुस्तक वाचायला घेतलं. पान चारवर लिहिलंय की इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. खाली लाल रेघ मारली. मग जेवण झालं आणि पुस्तक राहिलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात तक्ता केला. चितेगावच्या कंपनीत अठरा वर्षं स्टोअर सांभाळतोय, तक्ता कसा करायचा हे मला कुणी सांगायला नको. कॉलम सहा: इंजिन ऑइल, टायरची हवा, बॅटरी, ब्रेक ऑइल, रेडिएटर, गाडीखाली ठिबक. सातवा कॉलम सहीचा. लॅमिनेट करून घेतला. लॅमिनेशनवर पेन उठत नाही हे घरी आल्यावर कळलं. दुसरा काढला.

ओसरीच्या भिंतीवर लावला. आशानं विचारलं, कॅलेंडर कुठं गेलं. दाराच्या मागं आहे म्हणालो. बायकोला शिस्तीचं कौतुक नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

शनिवारी स्टॉक-टेकिंग होतं, थकवा होता. गाडी खिडकीतून पाहिली. ठीक दिसली.

१० मार्च, रविवार

तक्त्याचे चार आठवडे कोरे दिसत होते. ते बरं दिसत नाही. आज बसून भरले. दोन आठवडे निळ्या पेनानं, एक काळ्या, एक जेलच्या. एकाच पेनानं भरलं की ऑडिटवाल्यांना लगेच कळतं. इथं कुठले ऑडिटवाले, पण सवय चांगली असावी.

अगदीच काही केलं नाही असं नाही. चोवीस तारखेला गाडी धुतली. दोन बादल्या लागतील वाटलं, टाकी अर्धी झाली. नळ आला होता शुक्रवारी, पुढचा गुरुवारी. आशा चार दिवस बोलली नाही. शेजारून कळशीनं प्यायचं पाणी आणलं तिनं, मी गॅलरीतून बघत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या धक्क्यानंच पुढचे दोन रविवार बॉनेट उघडायची इच्छा झाली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

यापुढे गाडीला नळाचं पाणी नाही. बोअरचं.

१७ मार्च, रविवार

सकाळी नऊला मुख्तारभाई आला, न बोलावता. मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्याचं गॅरेज आहे, एकोणीस वर्षं दाजींची गाडी त्याच्याच हाताखाली. म्हणाला, साब, तीन महिने हुए, सोचा देख के आऊं. मी काही म्हणायच्या आत बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, परत घालून काढली, उजेडात धरली. ऑइल थोडं कमी होतं म्हणे. सोबत आणलेलं घातलं. मग तक्त्याकडे बघितलं. इंजिन ऑइलच्या कॉलममध्ये चार बरोबरच्या खुणा. बॉनेट हळूच लावलं. त्याचं ते हळूच लावणं मला लागलं.

मी सांगून टाकलं, मुख्तारभाई, आता मी स्वतः बघतो सगळं, तुम्ही तसदी घेऊ नका. तो म्हणाला, हौ साब, जैसा आप बोले. हात स्वतःच्या शर्टाला पुसले. मी गाडीसाठी पिवळं मऊ फडकं आणलंय, ते समोरच होतं. चहा नको म्हणाला.

दुपारी झोप लागली नाही. इतकं तोडून बोलायला नको होतं. पुढच्या रविवारी जाऊन माफी मागायची. (गेलो नाही, पाहुणे आले.)

६ एप्रिल, शनिवार. पाडवा.

नवं वर्ष. गुढी उभारली, गाडीला हार घातला, आणि आजपासून खरोखर सुरुवात. हार घालताना बॉनेट उघडलं. रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं पाणी हिरवं! चक्क हिरवंगार. आठ-आठ दिवस साठवलं की आपल्या टाकीत धरतं तसंच शेवाळ. एकोणीस वर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यानं गाडीचं पाणी कधी बदललं नसणार. दाजी भोळे होते.

मनातून जरा बरं वाटलं. त्याला येऊ नका म्हणालो ते बरोबरच होतं तर.

७ एप्रिल, रविवार

मोठं काम पार पाडलं. इंजिन थंड, पान चार लक्षात होतं. रेडिएटरच्या खालचा बूच फिरवला, सगळं हिरवं पाणी घमेल्यात. वरून बोअरचं पाणी भरलं. आपलं बोअर गढूळ येतं म्हणून आधी त्यात तुरटी फिरवली, आई फिरवायची तशी. एक खडा बाटलीतही सोडला, म्हणजे पुढंही स्वच्छ राहील. हे पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना इथलं पाणी काय माहीत.

बूच हातानंच बसवला. पाना सापडला नाही.

घमेल्यातलं पाणी आशाच्या मोगऱ्याला घातलं. शेवाळ म्हणजे खतच.

तक्ता भरला. आज पहिल्यांदा खरा.

२१ एप्रिल, रविवार

गाडीखाली ओलं. वाटीएवढं. शेजारच्या आप्पासाहेबांचं कुत्रं सावलीला तिथंच बसतं. आप्पासाहेबांना जाऊन स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, आमचा मोती तसला नाही. सगळे असंच म्हणतात. संध्याकाळी त्यांनी त्याला साखळीनं बांधलं. रात्री जेवताना ते केविलवाणं भुंकणं ऐकू येत होतं.

रेडिएटरमध्ये तांब्याभर बोअरचं पाणी घातलं. उन्हाळ्यात गाडीलाही तहान लागते.

२८ एप्रिल, रविवार

अक्काचा फोन. दाजींचं वर्षश्राद्ध १४ मेला, वैशाख शुद्ध दशमी. पैठणला घाटावर, गुरुजींनी अकराची वेळ दिलीय. दाजींचा पुतण्या विधी करणार, तो परस्पर येईल. अक्का म्हणाली, तात्या, यांच्या गाडीतच जायचं बघ. वर्ष झालं मी बसले नाय तिच्यात. यकदा त्यांच्या गाडीत त्यांच्या कार्याला जाऊन येऊ, मंग काय करायचं ते करू.

 मग विचारलं, मुख्तारला दाखवलीस नव्हं? मी म्हणालो, दाखवली.

खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण मग तो का येत नाही, मी काय म्हणालो, सगळं सांगत बसावं लागलं असतं, आणि तिचा बॅलन्स कमी होता. शिवाय मार्चमध्ये त्यानं पाहिलीच होती. म्हणजे तसं खोटं नाही.

५ मे, रविवार

मोगरा पिवळा पडला. आशा म्हणाली, यंदा ऊनच मरणाचं. मी म्हणालो, हो, ऊन फार आहे.

९ मे, गुरुवार

बोअर आटलं. नळ आज येणार होता, आला नाही. गाडीला पाणी घातलं नाही. आशासमोर तांब्या उचलायची हिंमत झाली नाही आणि मार्चमध्ये स्वतःला शब्द दिलाय की नळाचं पाणी गाडीला नाही. शब्द म्हणजे शब्द. मोती बांधलेला असूनही गाडीखाली ओलं आहे. त्यावर विचार करायचा.

१३ मे, सोमवार

उद्या पहाटे पाचला उठून सगळं चेक: ऑइल, हवा, पाणी. तक्त्यात आत्ताच भरून ठेवतो, सकाळी घाई होते.

१४ मे, मंगळवार, संध्याकाळी ७

साडेसातला उठलो.

अक्का पांढरं लुगडं नेसून पायरीवर बसली होती, उपाशी. मांडीवर काळे तीळ, जव, पीठ असलेला डबा. पुढच्या सीटवर बसली, नेहमीच्या. दार लावताना हँडलवरून हात फिरवला. मी बॉनेट उघडायला गेलो असतो तर ती म्हणाली असती, आता काय बघतोस. म्हणून नाही उघडलं.

वाटेत ती दाजींबद्दल बोलत होती. वर्षात पहिल्यांदा हसत बोलत होती. मी इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. काटा लालमध्ये गेला तेव्हाही ती बोलतच होती आणि मला तिला थांबवावंसं वाटलं नाही.

चितेगावला, बरोबर आमच्या कंपनीच्या गेटसमोर, वाफ. गाडी बंद. शिफ्टची बस उभी होती, सगळे खिडकीतून बघत होते. मी झाकणाला हात घालणार तोच अक्का ओरडली, हात नको लावू, भाजशील, यांनी कवाच लावू दिला नाय कुणाला. पान चार मला आठवलं नाही. तिला दाजी आठवले.

पाऊण तास उन्हात. मग काळी-पिवळी जीप मिळाली. चौदा माणसांत अक्का डबा पोटाशी धरून. घाटावर पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. गुरुजी दुसऱ्या कुटुंबाकडे बसलेले. आपलं कार्य अडीचला झालं. तोवर अक्का पाण्याचा थेंब न घेता दगडावर बसून.

ती रागावली नाही. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाली, त्यांनी मला असं मधी कधी उतरवलं नव्हतं.

१६ मे, गुरुवार

फोन केल्यावर मुख्तारभाईनं चितेगावहून गाडी ओढून नेली. संध्याकाळी गेलो. तो खालून सरकत बाहेर आला. बूच ढिला होता, थेंब थेंब करत रेडिएटर कोरडा झाला. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ नव्हे, कूलंट. इंजिन तापू नये, गंजू नये म्हणून घालतात. विषारी असतं, झाडाला नि जनावराला लांब ठेवायचं. मग त्यानं हात उघडून दाखवला. तळहातावर तुरटीचा खडा, विरघळून चिंचोक्याएवढा उरलेला.

हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग अक्काचा विषय काढला. म्हणाला, भाबी का फोन आया था. मैं बोला पाईप पुराना था, मैंच देखा नहीं, मेरी गलती. मी म्हणालो, अहो पण. तो म्हणाला, तुम कुछ नक्को बोलो साब. एक साल में आदमी गया, अब भाई पर से भी भरोसा उठा तो किसके पास जाना उनों?

मी पुन्हा एकदा अहो पण म्हणालो. मग त्याचा चहा प्यायलो.

१९ मे, रविवार

काल गाडी दुरुस्त होऊन अंगणात परत आली. अक्काला सांगायचं. आजच. गेलो नाही, कारण असलं बोलायला चतुर्थी बरी की पंचमी असा विचार करत बसलो. आज दोन्ही नाही.

मोतीला सोडायला आप्पासाहेबांना सांगितलं. कारण सांगितलं नाही. साखळी सुटल्यावर तो माझ्याकडेच शेपूट हलवत आला.

२३ मे, गुरुवार

गुलमंडीतून आशा बातमी घेऊन आली. अक्का सगळ्यांना सांगतेय की मुख्तारनं विश्वासघात केला, कार्याच्या दिवशी. दाजींच्या ओळखीचे दोन दुकानदार आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. तो स्वतः अक्काकडे गेला होता माफी मागायला. तिनं पाणीही विचारलं नाही. अक्का, जी दारात आलेल्या भांडेवालीला जेवू घालते.

आशा माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला काय झालं? ऊन, म्हणालो.

आता थांबायचं नाही. त्या माणसाचं एकोणीस वर्षांचं नाव आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. पहिलं वाक्य: अक्का, चूक माझी आहे. दुसऱ्या वाक्याची गरज नाही.

२५ मे, शनिवार

आरशासमोर सात वेळा म्हटलं. सातही वेळा जमलं.

२६ मे, रविवार

सकाळी दहाला अक्काकडे गेलो. कागद खिशात. तिनं धपाटे लावले होते, घरभर वास. मी बसलो आणि अक्का म्हणालो. तेवढ्यात ती उठली आणि दाजींच्या कपाटातून दुसरी किल्ली घेऊन आली. म्हणाली, गाडी विकायची नाय आता. मुख्तारच्या हाती परत द्यायची नाय. परक्याचं ते परक्याचंच. तू रविवार-रविवार जीव लावून बघतोस, तक्ता करून ठेवलास, आशा सांगत होती. दोन्ही किल्ल्या तुह्याकडंच राहू दे.

किल्ली माझ्या हातात दिली आणि वरून माझी मूठ मिटली, लहानपणी चार आणे द्यायची तशी.

मी तोंड उघडलं. पहिलं वाक्य अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हणालो, अक्का, मुख्तारचं वय झालं आता.

ती म्हणाली, व्हय, वयच झालं त्याचं.

मग तिनं धपाटं वाढलं. मी खाल्लं.