कंबरेला कोर्थ

३ डिसेंबर, सकाळ
निर्णय झाला. फेब्रुवारीत मेव्हण्याच्या, म्हणजे योगराजच्या मुलीचं लग्न, मेहरूणला. तो लायसन्सची बारा बोअर बंदूक घेऊन मिरवणार. बारा बोअर म्हणजे शेतातली डुकरं हाकलायचं हत्यार. माझ्या कंबरेला युरोपियन रिव्हॉल्व्हर असेल. मग बघू, पाहुणे कोणाला आधी रामराम घालतात.

४ डिसेंबर
दिवसभर यूट्यूबवर अभ्यास. फ्रेंच मॅन्युऱ्हिन: मजबूत, पण पोलिसांसाठी काढलेलं. शेवटी हवालदारी मालच. चेकचं आल्फा: स्वस्त. स्वस्तच घ्यायचं तर योगराज काय वाईट. जर्मन यान्झ: नळ्या बदलत बसा. जर्मन कोर्थ: हाताने घासूनपुसून, मोजकीच बनवतात. कोर्थ फायनल. हेमलता म्हणाली, आधी गॅसचा रेग्युलेटर बदला. बायकोला फिनिशिंग कळत नाही.

१२ डिसेंबर
लायसन्सच्या अर्जाच्या चौकशीला हवालदार आला, देवपूरच्या घरी. त्याला कोर्थ समजावलं. म्हणे, बाहेरचा माल आता मिळतच नाही. अडाणी. मग विचारलं, तुमच्या जिवावर कोण उठलंय? एकही नाव आठवेना. गल्लीत विचारून बघतो म्हणाला.

१४ डिसेंबर
लायसन्सला शत्रू पाहिजे. चुलतभाऊ नवल ठरवला, शेताला शेत लागून आहे. बांध त्याच्या हरभऱ्यात हातभर सरकवला. भाऊबंदकीत एवढ्यावर कुऱ्हाडी निघतात.

१६ डिसेंबर
नवल आला. पुरावा म्हणून मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करूनच दार उघडलं. त्याच्या हातात भरिताचा डबा. म्हणाला, "भाऊ, बांध वाकडा व्हयेल व्हता, मी सरळ करी टाका. तुमनी कंबर दुखस, कसाले वाकतस?" वैर धरायलाही लायकी लागते. भरीत खाल्लं. तिखट कमी.

१९ डिसेंबर
सगळी गल्ली हवालदाराला म्हणाली, या माणसाशी कोण वैर धरणार. हेमलताही तेच म्हणाली, वर त्याला चहा पाजला. लायसन्स मिळत नाही. असल्या भेकड गल्लीत कोर्थ आणणं म्हणजे कोर्थचाच अपमान.

८ फेब्रुवारी
लग्न लागलं. योगराज बंदूक घरीच ठेवून आला. लग्नात आणायला मनाई आहे म्हणे. घाबरट. माझी कंबर मोकळी दिसली, त्याने तिथे वाढप्याचं फडकं खोचलं आणि हातात वरण-बट्टीतल्या बट्ट्यांची टोपली दिली. नवलच्या पानात वाढतच राहिलो. शेवटी तो पानावर आडवा झाला. "बस भाऊ, मारी टाकशात का?"
अख्ख्या पंगतीने ऐकलं. योगराजला असं कोणी म्हणालं नाही.